खंदक कुनाच्या बाजूला?

आमच्या निमगाव सावात कुठलाही तंटा निघाला की किसनतात्या आधी एकच प्रश्न विचारायचे, "ते ऱ्हाऊ द्या. खंदक कुनाच्या बाजूला?"

तंटा खंदकाचा असायचा असं मुळीच नाही. तो वऱ्हाडाच्या टेम्पोच्या भाड्याचा असायचा, देवळातल्या लाउडस्पीकरचा असायचा, एकदा तर एकाच्या कोंबडीने दुसऱ्याच्या अंगणात घातलेल्या अंड्याचा होता. ग्रामसभेत तात्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा टाकला तेव्हा नवीन आलेले ग्रामसेवक उठून खिडकीतून बाहेर बघून आले. खंदक दिसला नाही.

"हितला न्हाई साहेब," तात्या म्हणाले, "वेल्सचा."

ग्रामसेवकांनी ते तसंच लिहून घेतलं.

वेल्स म्हणजे इंग्लंडला लागून असलेला डोंगराळ मुलूख. हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथल्या सरहद्दीवर एक सरदार होऊन गेला. मूळ नाव मॅडॉक, पण आमच्या गावात रुळल्यावर त्याचं म्हादूक झालं. या सरदाराची माहिती जगात किती जणांना आहे ते मला सांगता येणार नाही. आमच्या गावात सगळ्यांना आहे. पाचवीतल्या पोराला पुणे जिल्ह्याच्या सीमा विचारल्या तर ते डोकं खाजवत उभं राहतं, वेल्सच्या विचारल्या तर धडाधड सांगतं. मास्तरांनी तात्यांकडे तक्रार केली, तर तात्यांनी मास्तरांनाच बसवून घेतलं आणि सरदाराची पहिली लढाई ऐकवली.

माझं एसटीच्या थांब्याजवळ कापडाचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले, पण आम्ही राजस्थान बघितला तो फक्त लग्नाकार्याला. मला सगळे कांतीशेठ म्हणतात. बाजारच्या दिवशी तात्या माझ्या गादीच्या कोपऱ्यावर येऊन बसायचे. वर्षाला एक टोपी घ्यायचे आणि त्या एका टोपीवर वर्षभर बसायचे. त्यामुळे म्हादूक सरदाराचं चरित्र माझ्याइतक्या वेळा कुणी ऐकलेलं नाही. त्यात माझी इच्छा कुणी विचारली नव्हती.

हे चरित्र निमगावात आलं कसं, तेही सांगून टाकतो. नव्वदच्या दशकात आमच्या भागात आकाशातलं ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या उभ्या राहत होत्या. त्या बघायला आणि त्या कामात काही मदत करायला एव्हान नावाचा एक गोरा इंजिनीअर काही महिने आला होता. नारायणगावात खोली घेऊन राहायचा. एके दिवशी त्याची जीप तात्यांच्या रानाजवळ पंक्चर झाली. बाळू ड्रायव्हर चाक काढायला बसला आणि साहेब समोरचं बघत उभा राहिला. बघण्यासारखं होतंच. किसनतात्या आणि त्यांचा धाकटा भाऊ नामदेव बांधावर समोरासमोर उभे राहून भांडत होते.

पाहुणा दिसला की भांडण थांबवायची रीत आहे. नामदेव आपल्या रानात निघून गेला. तात्यांनी साहेबाला बाजेवर बसवलं आणि चहा सांगितला. साहेबाने बाळूला विचारलं, हे काय चाललं होतं? बाळूचं इंग्रजी बारावीला अडलेलं. त्याने विचार करून एकच शब्द सांगितला, "बॉर्डर."

साहेब एकदम खुलला. म्हणाला, आमचं घरही बॉर्डरवरच आहे. आमच्याकडे पलीकडच्या राजाने मातीचा बांध घातलाय, आमच्या लोकांना अडवायला. बाळूने हिशोब लावून सांगितलं, बांध जुन्नरला सुरू केला तर सोलापूरला जाऊन टेकेल.

"एका बांधाला येवढी जागा वाया?" तात्या हळहळले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. बांध घालायचा म्हणजे शेजारून माती उकरावी लागते, तिथे चर पडतो. "तर मग खंदक कुनाच्या बाजूला?"

साहेब बघतच राहिला. म्हणाला, आमच्या.

तात्यांनी कपाळावर हात मारला. "म्हंजी माती आपली आन बांध त्येचा!"

त्या क्षणापासून वेल्स आमचं झालं. साहेबाने मग आपल्या घराण्यातल्या मूळ पुरुषाची, म्हणजे या सरदाराची हकिकत सांगितली. तो परत जाताना तात्यांनी त्याला माझ्या दुकानातली टोपी घातली. त्या वर्षी तात्यांनी दोन टोप्या घेतल्या, हे नमूद केलं पाहिजे.

सरदार नदीच्या उताराजवळ एका टेकडीवर लाकडी तट घालून राहायचा. उन्हाळ्यात राजाची माणसं बांध ओलांडून त्याची गुरं हाकून न्यायची, थंडीत हा जाऊन त्यांची घेऊन यायचा. "हिशोब बरोबर ऱ्हायचा," तात्या म्हणायचे. कधी सरदार राजाला खंडणी द्यायचा. आणि शेजारचा वेल्सवालाच माजला, तर राजाच्या बाजूने उभा राहून त्याला बडवायचाही. हे ऐकून आमच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या पाहुण्याने "म्हणजे फितूरच की" असं म्हटलं. तात्यांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "पावणं, तुमचं घर पुन्यात, तिसऱ्या मजल्यावर. तुमास्नी सरहद्द काय ठावं?"

आणि वाटण्या. तिकडेही बाप गेला की सगळ्या भावांना सारखा हिस्सा, राज्याचासुद्धा. त्यामुळे राजाशी भांडून उरलेल्या वेळात भाऊ एकमेकांशी भांडायचे. म्हादूकचा धाकटा भाऊ वाटणी घेऊन बांधापलीकडे राजाकडे गेला. मग प्रत्येक लढाईत दोघे समोरासमोर. तात्या या जागी आवाज खाली आणायचे. "भावाचं घोडं म्हादूक लांबनं वळखायचा. पन लगेच बान सोडायची रीत न्हवती शेट. आदी शिव्या. पोटभर शिव्या झाल्या की मग लढाई. कवा कवा तर नुसत्या शिव्यांवरच दिवस बुडायचा."

साहेबाच्या पेटीवर वेल्सच्या लाल, पंख असलेल्या राक्षसी प्राण्याचं चित्र होतं. तात्यांनी ते आठवून आठवून गावातल्या पेंटरला सांगितलं आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर काढून घेतलं. पेंटरचा हात दुकानाच्या पाट्यांवर बसलेला. त्याने काढली ती घोरपड झाली, आणि पंख कोंबडीचे. तेव्हापासून ती घोरपडीची विहीर. पुढे आमच्या भागात बिबट्यांचा सुळसुळाट झाला, उसातून बिबटे शेळ्या उचलायला लागले. तात्या म्हणाले, घोरपड आहे तोवर माझ्या रानात पाऊल टाकणार नाहीत. आणि खरोखर टाकलं नाही. तात्यांकडे ऊसही नव्हता आणि शेळीही नव्हती, ही गोष्ट वेगळी.

एकदा बाळू ड्रायव्हर शर्टाचं कापड घ्यायला आला. मी सहज म्हटलं, काय रे, तुझ्या साहेबाने भावाभावांची लढाई काय रंगवून सांगितली!

"कुठल्या भावांची?" बाळू म्हणाला. "शेट, साहेब बोलला त्ये माझं चाक बदलून व्हईस्तवर. बांध, खंदक, गुरं, वाटण्या, झालं. भावाभावांच्या लढाईचं काय बोलला न्हाई. सरदाराला भाऊ न्हवताच, एकटाच व्हता म्हनला."

हे मी तात्यांना सांगितलं नाही. बसलेलं गिऱ्हाईक उठवू नये असं आमचे वडील सांगायचे.

आता तात्यांच्या स्वतःच्या सरहद्दीकडे येतो. वडील गेल्यावर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. थोरल्याने वाटण्या पाडायच्या आणि धाकट्याने आधी उचलायची, ही आमच्याकडची रीत. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. पण जमिनीलाच सरळपणा नव्हता. एका बाजूला विहीर आणि काळी माती, दुसऱ्या बाजूला मुरूम. तात्यांनी मधोमध बांध घातला. नामदेव विहीर उचलणार हे सगळे धरून चालले होते. नामदेव पंचांसमोर म्हणाला, "हिरीकडचं दादाला ऱ्हाऊ द्या. त्येची पोरं ल्हान हाईत." आणि मुरूम उचलला.

गावाने नामदेवचं तोंड भरून कौतुक केलं. एका भावाचं कौतुक फार झालं की दुसऱ्याच्या घरात भाकरी करपते. तात्यांनी विहिरीचं पाणी देऊ केलं, नामदेवने घेतलं नाही. "उचलली ती वाटणी," म्हणाला. पुढे दोघींचं, म्हणजे दोघांच्या बायकांचं, एका तांब्याच्या घंगाळावरून वाजलं आणि दोन्ही घरांची बोलाचाल बंद झाली. नामदेव इतका करारी की रानात तहान लागली तरी गावातून भरून आणलेलं पाणी प्यायचा, विहिरीचं नाही. मुरमात बाजरी पेरायचा आणि पावसाची वाट बघायचा.

वर्षातून एकदाच दोघांची गाठ पडायची. उन्हाळ्यात बांध नीट करायचा असतो. तात्या कुदळ-घमेलं घेऊन जायचे, बांध ओलांडून नामदेवच्या रानात उभे राहायचे, त्याच्या बाजूने बांधाचा पाया उकरायचे आणि ती माती घमेल्याने आपल्या बाजूला नेऊन टाकायचे. अगदी दिवसाढवळ्या. नामदेव धावत यायचा. "माझी माती नेतोय ह्यो मानूस!" आणि मग जे भांडण पेटायचं ते ऐकायला लोक हातातलं काम टाकून जायचे. मीही एकदा दुकान मुनीमावर सोडून गेलो होतो.

"माती मोजतोस? आदी पोरीकडं बघ! सासरी धड नांदती का ती?"

"नांदती! दोन पोरं झाली तिला! तुजा थोरला बघ, धाव्वीला गचकला!"

"दुसऱ्यांदा पास झाला! सत्तावन टक्के! आन तुजी म्हस आटली म्हनं!"

"आटली न्हाई, गाभन हाय!"

भांडणाच्या मानाने त्यात माहिती फार असायची. पण ते आम्हाला तेव्हा खटकलं नाही. गावाने निकाल कधीच लावून टाकला होता. ज्याच्या बाजूला खंदक त्याची माती गेली, हे तात्यांनीच गावाला शिकवलं होतं. त्याच न्यायाने तात्या मातीचोर ठरले. वेल्सच्या बांधापलीकडच्या राजाला शिव्या देणारा माणूस सख्ख्या भावाची माती नेतो, यावर थांब्यावर बसून बरंच हसून झालं.

मग नामदेवचा मुलगा चाकणला नोकरीला लागला. तो म्हणाला, दरवर्षीची कटकट नको, सरकारी मोजणी आणू. नामदेवने मोजणीचे पैसे भरले.

त्या बाजाराला तात्या आले ते बसलेच नाहीत. गादीला धरून उभे राहिले. तोंड उतरलेलं. सरदाराचं नावही काढलं नाही. "शेट, नाम्याला सांगा, मोजू नगं. माती न्यायची बंद करतो. पायजे तर जाहीर माफी मागतो. पन मोजू नगं."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय वाटणार? तरी मी गेलो. नामदेवने मला चहा पाजला, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली आणि म्हणाला, "मोजनी व्हनार शेट." मी तात्यांना तसं सांगितलं. तात्यांनी एक शेवटचा उपाय म्हणून सरदाराला पुढे केलं. वेल्समध्ये सरहद्द कधी मोजली नाही म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली, असा निरोप पाठवला. नामदेवने निरोप आणणाऱ्यालाही चहा पाजला.

मोजणीच्या दिवशी बांधावर जत्रेइतकी माणसं. मोजणीवाले साहेब तरुण होते, काम चोख. त्यांची माणसं झेंडे घेऊन जुन्या खुणांपासून निघाली. झेंडेवाला तात्यांच्या कांद्यातून बांधापर्यंत आला. तिथे थांबेल असं वाटलं. तो बांध चढला, पलीकडे उतरला आणि नामदेवच्या रानात चालत गेला. साहेबांनी त्याला परत बोलावलं, पुन्हा मोजलं. तो पुन्हा नामदेवच्या रानात गेला आणि तिथे झेंडा रोवून उभा राहिला.

"नामदेवराव," साहेब म्हणाले, "बांध आपल्या जागेवर नाही. त्यांच्या जमिनीत सरकलाय. त्यांची एवढी पट्टी तुम्ही कसताय."

नामदेवचा चेहरा मला बघवला नाही. ज्या माणसाने दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कधी कापलं नाही, त्याला सगळ्या गावासमोर चोर म्हटलं होतं, आणि ते कागदावर लागणार होतं. "म्या न्हाई," तो म्हणाला. "आईची आन घेतो. बांधाला म्या कुदळ लावली न्हाई." मागून कुणीतरी हसलं. "घ्या! देवमानूस देवमानूस म्हनत व्हतो!"

"त्यानं न्हाई साहेब," तात्या म्हणाले. "बांध म्या सरकवला."

"तुमच्याच शेतात?"

"व्हय."

"म्हणजे तुम्ही स्वतःच्या जमिनीवर यांचं अतिक्रमण केलंत?"

तात्यांनी थोडा विचार केला. "व्हय, तसंच म्हना."

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. दरवर्षी नामदेवच्या बाजूने बांधाचा पाया उकरला, की नामदेवचं रान बोटभर, चार बोटं वाढायचं. ती माती तात्यांच्या बाजूला पडली, की बांध तेवढा तात्यांच्या रानात शिरायचा. सगळ्या गावाने इतकी वर्षं माती कुठे जाते ते बघितलं. बांध कुठे चाललाय ते कुणी बघितलं नाही. सगळे जातिवंत शेतकरी. मी कापडवाला, मला तर बोलायलाच नको.

"कुठवर न्यायचा व्हता?" नामदेवने विचारलं.

तात्यांनी घोरपडीकडे बोट दाखवलं. "हिरीपत्तोर. हीर बांधावर आली म्हंजी दोघांची व्हते. सामाईक. तू देऊन घेत न्हवतास, म्हनून म्हनलं, बांधच नेऊ तिकडं."

"ह्या हिशोबानं तुझा जल्म पुरला नसता."

"पोरांनी नेला असता की पुढं."

नामदेवने एकदा झेंड्याकडे बघितलं. मग एकदम चिडून म्हणाला, "आन मग भांडत का व्हतास रं दादा? एवढी वरसं? सरकवायचा तर मुकाट सरकवायचा!"

"मुकाट सरकवला असता तर तू भाईर आला असतास व्हय?" तात्या म्हणाले. "वरसातनं येकदा तरी बोलायचास."

हसणारा मागचा माणूस खाली बघून पायाने ढेकूळ फोडत होता. मोजणीवाल्या साहेबांनी आपल्या माणसांना साखळी गुंडाळायला सांगितली, आणि ती त्यांनी गरजेपेक्षा फार हळू गुंडाळली.

यानंतर दोघे भाऊ गळ्यात गळे घालून नांदू लागले असं सांगायला मला आवडलं असतं. नामदेवने सरकारी खुणेवर बांध परत न्यायचं ठरवलं. फुकटची जमीन त्याला नको होती. तात्यांनी नेऊ दिला नाही. आता उन्हाळ्यात दोघे एकाच दिवशी कुदळी घेऊन येतात. एक माती तिकडे टाकतो, दुसरा ती इकडे आणतो. संध्याकाळपर्यंत बांध होता तिथेच असतो आणि दोघांच्या घरची वर्षभराची सगळी खबर सांगून झालेली असते. गाव आता ऐकायला जात नाही. शिव्यांची धार गेली, असं लोक म्हणतात.

परवाच्या उन्हाळ्यात नामदेवच्या मुलाच्या लग्नाचा बस्ता ठरवायला मी गेलो, तर दोघे बांधावरच सापडले. तात्यांचं म्हादूक सरदाराचं चालू होतं. "...तवा नदीपल्याडनं त्येच्या भावानं आरोळी ठोकली—"

"त्येला भाऊ न्हवता," नामदेव कुदळ मारता मारता म्हणाला.

"कोन म्हनतं?"

"बाळू डायवर. साहेबानं सांगितलंच न्हवतं तसं. येकटा व्हता सरदार."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घोरपडीकडे बघितलं. तिचा एक पंख पावसाने गेला होता.

"न्हवता?" तात्यांनी पुन्हा विचारलं.

"न्हवता."

तात्या कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभे राहिले. आपलं खोटं पकडलं गेलं याचं त्यांना काहीच वाटलं नसावं. त्यांना त्या सरदाराचं वाईट वाटत होतं, ते अगदी तोंडावर दिसत होतं.

"अरारा," ते म्हणाले. "मग येवढी वरसं गडी भांडला कुनाशी?"

घोरपडीच्या विहिरीवरून भरून आणलेला तांब्या बांधावर ठेवलेला होता. त्यातले दोन घोट नामदेव आधी स्वतः प्याला आणि उरलेला तांब्या त्याने दादापुढे केला.